'परवडतं का?' हा प्रश्न विचारण्याआधी: थायलंडच्या छोट्या भातशेतीचा हिशेब

'शेती परवडत नाही' हे वाक्य आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलोय. पण तेच वाक्य संशोधनात लिहायचं म्हटलं की लगेच तीन प्रश्न उभे राहतात. कोणाला परवडत नाही? खर्चात काय काय धरलं? आणि हिशेब कोणत्या काळातला? आज हे तीन प्रश्न थायलंडमधल्या छोट्या भातशेतीच्या इतिहासाला विचारून बघू.

आधी एक सोपं गणित. आकडे काल्पनिक आहेत, फक्त पद्धत समजून घेण्यासाठी. थायलंडमध्ये जमीन 'राय'मध्ये मोजतात. अडीच राय म्हणजे साधारण एक एकर. समजा एका कुटुंबाकडे स्वतःची १० राय जमीन आहे, म्हणजे चार एकर. त्यात ४ टन भात झालं आणि टनाला १०,००० बाट भाव मिळाला. हातात आले ४०,०००. बियाणं, खत, नांगरट आणि कापणी यंत्राचं भाडं मिळून रोख खर्च २५,०००. म्हणजे १५,००० बाट शिल्लक. परवडलं!

आता घरच्या माणसांचे ६० दिवस रोजी ३०० बाटने धरा, झाले १८,०००. स्वतःच्याच जमिनीचा खंड १०,००० धरा. आता त्याच कुटुंबाला १३,००० बाट तोटा आहे. शेत तेच, भात तेच, वर्षही तेच.

मी मूळची विज्ञान शाखेची. मोजमाप नीट केलं की उत्तर एकच येतं, ही सवय. माझ्या पहिल्या तक्त्यात घरच्या मजुरीच्या रकान्यात मी बिनधास्त शून्य लिहिलं होतं. मग ती चूक वाटली म्हणून बाजारातली मजुरी लिहिली. दोन्ही वेळा मी उत्तर आधीच ठरवून टाकत होते, हे फार उशिरा लक्षात आलं. रशियन अर्थतज्ज्ञ अलेक्झांडर चयानोव यांनी १९२० च्या दशकातच मांडलं होतं की शेतकरी कुटुंब कारखान्यासारखा नफा काढत नाही. घरात खाणारी तोंडं किती, राबणारे हात किती, आणि अजून थोडं राबण्याचा त्रास सोसावा इतकी गरज आहे का, हा त्याचा हिशेब असतो. त्या हातांना त्या दिवसांत दुसरं काम मिळणार आहे की नाही, यावर त्या ३०० बाटांचा अर्थ ठरतो.

आता इतिहासाकडे वळू. १८५५ मध्ये सयामने (थायलंडचं तेव्हाचं नाव) ब्रिटनशी बाउरिंग करार केला आणि तांदळाची निर्यात खुली झाली. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत निर्यात वीसपटीहून जास्त वाढली. गंमत म्हणजे ही वाढ एकरी उत्पादनातून आली नाही, नव्या जमिनीतून आली. चाओ फ्राया नदीच्या त्रिभुज प्रदेशात कालवे खणले गेले. १८९० च्या दशकातला रंगसित हा त्यातला गाजलेला भाग. वेठ आणि गुलामी टप्प्याटप्प्याने संपत होती, १९०५ मध्ये गुलामीवर कायद्याने पडदा पडला. मोकळ्या झालेल्या कुटुंबांकडे भांडवल नव्हतं, पण हात होते. दलदल आणि रान साफ करून शेत करायचं, तर मुख्य खर्च स्वतःच्या घामाचा. त्या काळात, त्या हिशेबात, ते परवडत होतं.

सरकारी तिजोरीचा हिशेब मात्र वेगळा होता. होमान व्हान डर हाइडे या डच अभियंत्याने १९०३ मध्ये चाइनात इथे बंधारा बांधून सगळ्या खोऱ्याला पाणी देण्याची योजना मांडली. तेव्हा ती बाजूला पडली. रेल्वेसारख्या कामांना आधी पैसा मिळाला. चाइनातचा बंधारा पूर्ण झाला १९५७ मध्ये. मधली पन्नासेक वर्षं पाऊस आणि पुराची जोखीम कोणाच्या खात्यात गेली? शेतकऱ्याच्या. पण ती 'खर्च' म्हणून कुठेच दिसत नाही.

पुढची पायरी आणखी महत्त्वाची. १९५५ ते १९८६ या काळात थाई सरकार तांदळाच्या निर्यातीवर 'राइस प्रीमियम' नावाचा आकार घेत होतं. भरायचा निर्यातदाराने, पण तो तेवढा भाव कमी करून भात विकत घ्यायचा. त्यामुळे देशातला भाव जगातल्या भावापेक्षा खाली राहिला. शहरांत तांदूळ स्वस्त झाला, तिजोरीत पैसा आला. आता त्या वर्षांची आकडेवारी घेऊन कोणी लिहिलं की 'छोटी भातशेती किफायतशीर नव्हती', तर ते चूक नाही, पण अर्धवट आहे. न परवडण्याचा एक भाग धोरणानेच घडवला होता.

२०११ मध्ये लंबक उलट बाजूला गेला. यिंगलक शिनावात्रा यांच्या सरकारने साधं भात टनाला १५,००० बाटने घ्यायला सुरुवात केली. बाजारभावापेक्षा हे बरंच जास्त होतं. त्याच वर्षी भारताने बिगर-बासमती तांदळाची निर्यात पुन्हा खुली केली. जागतिक भाव काही वाढला नाही, सरकारी गोदामं भरली, आणि २०१३ च्या अखेरीस शेतकऱ्यांचे पैसेच थकले. शिवाय ज्याच्याकडे विकायला जास्त भात, त्याला लाभ जास्त. ईशान्येकडच्या इसानमध्ये घरी खायलाच चिकट भात पिकवणाऱ्या कुटुंबाला चढ्या भावाचा उपयोग किती?

मग ही कुटुंबं शेती सोडत का नाहीत? १९९७ आठवा. जुलैमध्ये बाट कोसळला, बँकॉकमधली बांधकामं आणि कारखाने बंद पडले, आणि अनेक कामगार गावी परतले. गावात शेत होतं, कणगीत भात होतं. चांगल्या वर्षी 'तोट्यातलं' दिसणारं शेत वाईट वर्षी विम्यासारखं उपयोगी पडलं. आपल्या तक्त्यात विम्याचा हा रकाना असतो का?

म्हणून माझं उत्तर असं: निव्वळ धंदा म्हणून आणि सगळी मजुरी बाजारभावाने धरली, तर चार एकरांची भातशेती बहुतेक वेळा परवडत नाही. घरचं धान्य, शहरातली मजुरी आणि संकटातला आधार एकत्र धरला, तर ती सोडणं परवडत नाही. आणि यातलं पहिलं उत्तरच धोरण ठरवणाऱ्यांच्या टेबलावर पोहोचलं, तर त्या शेतकऱ्याला 'अडाणी' ठरवून जमिनीवरून हलवणं सोपं जातं. एका रिकाम्या रकान्याची किंमत ही एवढी असते.

तुम्ही प्रबंधाचा आराखडा लिहायला बसाल, तेव्हा माहिती गोळा करण्याआधी एका कागदावर लिहा: हिशेब कोणाचा, कुठल्या काळाचा, आणि कोणत्या रकान्यात मी शून्य धरतोय किंवा धरतेय. तो कागद मार्गदर्शकांना दाखवा. बाकीच्या तक्त्यांवर नंतर बोलू.