सिस्टर व्हायला किती वर्षं लागतात?

मंडळी, या शनिवारी कोड नाही, डेटाबेस नाही. विषय नर्सिंगचा आहे. निमित्त म्हणजे नात्यातल्या एका मुलीचा प्रश्न. बारावी झालीय, गडहिंग्लजकडची आहे, कोल्हापुरात जीएनएमला प्रवेश घ्यायचा म्हणतेय. ती म्हणाली, "मामा, अमेरिकेत म्हणे दोन वर्षांची डिग्री करून नर्स होता येतं. मग आपल्याकडं जीएनएमला तीन अन् बीएस्सीला चार का?" मी म्हटलं, सिलॅबस जास्त असेल. मग दोन रविवार वाचत बसलो, तर हिशेब भलताच निघाला. ही वर्षं नुसती अभ्यासक्रमानं ठरलेली नाहीत. वॉर्डात हात किती लागतात, यावरही ती ठरत गेली आहेत.

सुरुवात अर्थातच फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाची शाळा निघाली. तिथे एक वर्ष शिक्षण आणि त्यापुढची काही वर्षं सांगतील तिथे नोकरी, असा करार असे. राहणं-खाणं फुकट, वर थोडे पैसे. हे प्रकरण रुग्णालयांना फार आवडलं, कारण शाळा काढली की स्वस्तात माणसं मिळतात. पुढे अमेरिकेत शेकडो रुग्णालयांनी शाळा काढल्या, मुदत वाढत वाढत तीन वर्षांवर गेली आणि वॉर्ड बऱ्याच अंशी विद्यार्थिनीच चालवू लागल्या. (आमच्या धंद्यात 'ट्रेनी' नावाचा प्राणी असतो, त्यावरून कल्पना करा. फक्त आमच्याकडे रात्री दोनला कोणी दगावत नाही.)

हीच पद्धत आपल्याकडे आली. मद्रासला १८७१ साली शाळा निघाली. मुंबईत जे. जे. रुग्णालयात १८८६ च्या सुमारास शिक्षण सुरू झालं, आणि १८९१ साली तिथे शिकायला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव पहिली भारतीय परिचारिका म्हणून नर्सिंगच्या पुस्तकांत आजही पाठ करायला लागतं. नाव बघा, आडनाव नाही. ज्या बायका हे काम करायला पुढे आल्या त्यांच्याबद्दल त्या नोंदी एवढंच सांगतात.

आता कोल्हापूर. टाउन हॉलसमोरचं सीपीआर आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. त्याचं जुनं नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन परतणाऱ्या आनंदीबाई जोशींची नेमणूक याच रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर झाली होती. त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. पुढे शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर इथे काम करू लागल्या. त्यांच्या आई रखमाबाई केळवकर यांच्याकडे संस्थानातल्या मुलींच्या शिक्षणाचं काम होतं. म्हणजे बाईनं डॉक्टर व्हावं, ही कल्पना करवीरला तशी लवकर पचली.

नर्सची गोष्ट वेगळी. डॉक्टरीणबाई नाडी बघते, औषध लिहून देते. त्यात मान होता. नर्सला परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, थुंकी-लघवीची भांडी उचलायची, रात्रपाळी करायची, आणि रुग्ण कोणत्या जातीचा हे विचारायचं नाही. त्या काळच्या उच्चवर्णीय घरांना यातलं एकही चालणारं नव्हतं, त्यामुळे सुरुवातीच्या परिचारिकांत ख्रिस्ती मुलींचा भरणा फार मोठा राहिला. आपल्याकडे नर्सला 'सिस्टर' म्हणतात, ती या सगळ्याची खूण. जवळचं उदाहरण मिरजेचं. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली तिथे रुग्णालय काढलं. कोल्हापुरातलं मेरी वानलेस हॉस्पिटल त्यांच्या पत्नीच्या नावाचं. आपल्या भागातल्या कितीतरी जुन्या सिस्टर या मिशनच्या दवाखान्यांत तयार झाल्या.

हिंदू घरातल्या बायकांसाठी ही कोंडी फोडायचा मोठा प्रयत्न पुण्यात झाला. रमाबाई रानड्यांच्या सेवासदननं १९११ च्या सुमारास ससून रुग्णालयात बायकांना नर्सिंगचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. त्यात विधवा होत्या. ज्या बाईचं दर्शनही अपशकुन मानायचे, ती गणवेश घालून लोकांच्या उशाशी उभी राहणार होती! लोक काय बोलले असतील ते सांगायला नको.

पण शिकली तरी तिची किंमत काय? तर ज्या रुग्णालयाचं सर्टिफिकेट, त्याच्या नावाइतकी. दुसऱ्या गावी गेली की पुन्हा पहिल्यापासून ओळख पटवा. अमेरिकेतल्या 'आरएन'मधला 'आर' म्हणजे रजिस्टर्ड, सरकारी नोंदवहीत नाव असलेली. आपल्याकडे मुंबई इलाख्यात नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला. तो इलाख्याचा, कोल्हापूर संस्थान, त्यामुळे तो इथे आपोआप लागू होत नव्हता. संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याआधी डिसेंबर १९४७ मध्ये देशभरासाठी इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा आला होता. महाराष्ट्राचा स्वतःचा परिचारिका कायदा १९६६ चा. आज कोल्हापुरात शिकलेल्या सिस्टरचं नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या वहीत चढतं ते या कायद्याखाली. पदवी-पदविका नंतर, आधी नोंद. मला तर हे स्वातंत्र्याइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण तिथून पुढे ती कुठल्या एका रुग्णालयाची राहिली नाही.

किती नोंदी होत्या? १९४६ च्या भोर समितीनं आकडा दिला : ब्रिटिश हिंदुस्थानच्या तीस कोटी लोकांमागे नोंदणीकृत परिचारिका सुमारे ७,०००. म्हणजे ४३,००० माणसांमागे एक! समितीनं त्यांच्या राहण्या-कामाच्या परिस्थितीवर कडक लिहिलंय आणि पदवी शिक्षणाचीही शिफारस केलीय. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोरला बीएस्सी सुरू झालं. पण एवढी माणसं पदवी देऊन कधी तयार होणार? म्हणून मुख्य भार रुग्णालयाला जोडलेल्या पदविकेवरच, म्हणजे जीएनएमवर राहिला, आणि खाली एएनएम आली.

आणि नेमक्या याच सुमारास अमेरिकेनं दुसरा रस्ता धरला. गंमत म्हणजे अडचण तीच होती, महायुद्धानंतर नर्स मिळेनात. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या मिल्ड्रेड माँटॅग बाईंनी १९५१ मध्ये प्रबंध मांडला. सार असं, की रुग्णालयाच्या शाळेतल्या तीन वर्षांत बराचसा वेळ शिकण्यात जातच नाही, रुग्णालयाचं काम उरकण्यात जातो. मुलीला कॉलेजात घाला, वॉर्डात ती शिकायला जाईल, कामाला नाही. मग दोन वर्षांत भागतं. (विद्यार्थिनी राबवल्या जातात ही तक्रार तिथल्या गोल्डमार्क अहवालानं १९२३ मध्येच केली होती. अहवाल जिथे जातात तिथे तो गेला.) १९५२ पासून सात ज्युनियर कॉलेजं आणि एका रुग्णालय-शाळेत प्रयोग झाला. मुली नोंदणीची तीच परीक्षा पास झाल्या. हीच ती असोसिएट डिग्री.

आता माँटॅगबाईंच्या मनात या मुली 'तंत्रज्ञ' व्हाव्यात असं होतं, पदवीधर नर्सच्या एक पायरी खाली. पण परीक्षा एकच, म्हणून नोंदही एकच, आणि पायरी कागदावरच राहिली. तिथल्या नर्सेसच्या संघटनेनं १९६५ मध्ये पदवीच हवी असा ठराव केला. नॉर्थ डकोटा राज्यानं १९८७ मध्ये ते सक्तीचं केलं आणि २००३ मध्ये मागं घेतलं. न्यूयॉर्कनं २०१७ मध्ये मधला मार्ग काढला : आधी नोंदणी करा, दहा वर्षांत पदवी घ्या.

आपल्याकडेही हुबेहूब तेच. २०१९ मध्ये जीएनएम बंद करून सगळ्यांना बीएस्सी करायचं घाटत होतं. ते झालं नाही, प्रवेश अजून सुरू आहेत. ऐकायला ती सुधारणा चांगली होती. पण बीएस्सीला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं. जीएनएमला कला शाखेची मुलगीही इंग्रजी घेऊन ४० टक्क्यांवर बसू शकते. चंदगड, शाहूवाडी, गगनबावड्याच्या किती कॉलेजांत सायन्सची धड प्रयोगशाळा आहे हे बघितलं, की पदविका बंद करण्याचा अर्थ कळतो. माझं मत विचाराल तर दार बंद करण्यापेक्षा आतली वर्षं खरी शिकण्याची करावीत. मुदत तशीही हलतच असते: २००४ नंतर साडेतीन वर्षं, २०१५ च्या बदलात पुन्हा तीन, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे. पुढे पोस्ट बेसिक करून पदवी घ्यायची तर आणखी दोन. म्हणजे या वाटेनं पाच वर्षं, थेट गेलेल्या मुलीला चार.

आणि विद्यार्थिनी की कामाचे हात, हा प्रश्न जुना झाला असं कोणाला वाटत असेल तर मे २०२१ आठवा. कोविडची दुसरी लाट. शेवटच्या वर्षाच्या, परीक्षा व्हायची राहिलेल्या जीएनएम आणि बीएस्सीच्या विद्यार्थ्यांना पूर्णवेळ कोविड ड्यूटी देता येईल, असा निर्णय केंद्रानं जाहीर केला. कोल्हापूर जिल्ह्यात ती लाट जुलैपर्यंत रेंगाळली, आणि सीपीआर तेव्हा भरून वाहत होतं.