लष्करात शिकायला आलेले

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, पाटणकर बाजारात आमच्या घरी बोलणं मराठीत, भाजीचा भाव मात्र हिंदीत. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून हे लष्कर वसलं. पुढे मिरजेकडचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) इथेच वासुदेवबुवा जोशांकडे गाणं शिकले.

त्या काळी परमुलखातल्या शिष्याचे पहिले दिवस गाण्याचे नसतच. गुरूघरी पाणी भरायचं, झाडलोट करायची, तंबोरा लावून कोपऱ्यात नुसतं ऐकायचं. चीज मिळणार गुरूच्या मर्जीने! आमच्या पिढीने तर आधी फी भरली, मग वेळापत्रक पाहिलं. १९१८ मध्ये इथे माधव संगीत विद्यालय निघालं, त्याची ही सोय.

बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवल्याचं श्रेय मी तरी बुवांनाच देईन.