यंत्रावर स्त्रिया, देखरेखीवर पुरुष

बांगलादेशाच्या निर्यात उत्पन्नाचा चार-पंचमांशाहून अधिक भाग तयार कपड्यांतून येतो. ढाका, गाझीपूर, नारायणगंज, सावर, चितगाव येथील कारखान्यांत शिवणयंत्रांवर प्रामुख्याने स्त्रिया दिसतात. त्यांतील अनेकजणी खेड्यांतून आलेल्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या या उद्योगाने त्यांच्या हाती प्रथमच नियमित पगार दिला, हे मान्यच करावे लागेल. मात्र यंत्रावर बसलेली स्त्री बहुधा तेथेच राहते.

याचे एक कारण कामाच्या विभागणीत आहे. कुणी कॉलर शिवते, कुणी बाही जोडते, कुणी खिसा लावते. ‘हेल्पर’ म्हणून दाखल झालेली मुलगी ‘ऑपरेटर’ होते आणि तीच एक शिलाई वर्षानुवर्षे घालत राहते. पर्यवेक्षकाला मात्र संपूर्ण ओळीचे काम समजावे लागते. दिवसाचे ‘टार्गेट’ अपुरे राहिले की उशिरापर्यंत थांबावे लागते, कामगारांवर आवाज चढवावा लागतो. ते बाईला जमणार नाही, असे गृहीत धरले जाते.

हे गृहीतक तपासले गेले आहे. मॅकियाव्हेलो, मेन्झेल, रब्बानी आणि वुडरफ या अर्थतज्ज्ञांनी २०१५ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार ओळीवरील सुमारे ८० टक्के कामगार स्त्रिया होत्या, तर ९५ टक्के पर्यवेक्षक पुरुष. प्रशिक्षण देऊन नेमलेल्या स्त्री पर्यवेक्षकांना हाताखालच्या कामगारांनी सुरुवातीला कमी लेखले. सुमारे चार महिन्यांनी हा फरक उरला नाही. दुर्दैवाने नव्या पर्यवेक्षकाचे मोजमाप बहुधा त्या पहिल्या महिन्यांतच होते.

बाळंतपण हा दुसरा अडसर. २००६ च्या श्रम कायद्याने ४० वा अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली आवश्यक केली, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत स्त्रीच्या संमतीविना काम देण्यास मनाई केली. पण खोली असली तरी तान्ह्या बाळाला गर्दीच्या बसमधून कारखान्यात कसे आणायचे? अनेकजणी मूल गावी आजीकडे ठेवतात, नाहीतर नोकरी सोडतात. परतल्यावर पुन्हा नव्याने सुरुवात.

२४ एप्रिल २०१३ रोजी सावर येथील राणा प्लाझा इमारत कोसळून १,१३४ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर झालेल्या करारांचा भर इमारतींच्या आणि अग्निसुरक्षेवर होता. बढतीचा प्रश्न त्यांच्या कक्षेत नव्हता. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सहभागाने ‘गिअर’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात निवडक ऑपरेटर स्त्रियांना पर्यवेक्षणाचे शिक्षण देण्यात आले आणि त्यांच्या व्यवस्थापकांनाही वर्गात बसवण्यात आले.