प्राथमिक शाळेतील वर्गकार्य, मराठवाड्यातील

प्राथमिक शाळेत दररोज चालणारे वाचन, लेखन, गणन, पाठांतर, खेळ व सामुदायिक उपक्रम यांस एकत्रितपणे वर्गकार्य म्हणतात. मराठवाड्यातील वर्गकार्याचा इतिहास मुख्यतः माध्यमभाषेचा इतिहास आहे. शिक्षकाचा शब्द मुलास घरच्या शब्दाइतका परिचित आहे किंवा नाही, यावर या प्रदेशात शिकण्याचे यशापयश दीर्घकाळ अवलंबून राहिले. लातूर-अहमदपूर-नांदेड मार्गावरील चाकूर (लातूर जिल्हा) व त्याच्या परिसरातील गावे या स्थित्यंतराच्या क्षेत्रात येतात. या भागालगतचे अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानच्या व नंतर हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबाद (धाराशिव) जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला.

पंतोजींच्या शाळा : सरकारी शाळा निघण्यापूर्वी शिक्षण देवळात, चावडीवर वा एखाद्या सधन गृहस्थाच्या ओसरीवर चाले. इयत्तांची विभागणी नसे. धूळपाटीवर बोटाने वा काडीने अक्षरे गिरविणे, हा पहिला धडा. त्यानंतर बाराखडी, मोडी लेखन व हिशेब येत. मोठी मुले लहानांकडून घोकून घेत आणि सायंकाळी सर्वजण एका सुरात परवचा म्हणत. पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबरच पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी व औटकी हे अपूर्णांकांचे पाढेही मुखोद्गत करावे लागत. एका रुपयाचे सोळा आणे आणि शेर, मण यांची मापे असलेल्या बाजारात हे पाठांतर रोजच्या उपयोगाचे होते. पंतोजींचा मोबदला बहुधा धान्याच्या रूपाने मिळे. शिक्षा कठोर असत. मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना मात्र या शाळांची दारे सामान्यतः बंदच होती. फार्सी व अरबीचे प्राथमिक शिक्षण मक्तबांतून दिले जाई.

निजामी राजवट : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानात शिक्षण खाते आकारास आले आणि दरबारी कारभारात फार्सीची जागा उर्दूने घेतली. शाळांच्या तहतानिया (प्राथमिक), वस्तानिया (माध्यमिक) व फौकानिया (उच्च) अशा पायऱ्या होत्या. शिक्षकास मुदर्रिस आणि मुख्याध्यापकास सदर मुदर्रिस म्हणत. साप्ताहिक सुटी शुक्रवारी असे व कारभारात फसली सन चाले. खालच्या वर्गांत मातृभाषेस स्थान होते, तथापि पुढील शिक्षणाची व नोकरीची वाट उर्दूतून जात असल्याने तिचा प्रभाव प्राथमिक वर्गांवरही पडला. १९१८ मध्ये उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाल्यावर ही वाट अधिक पक्की झाली. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो एक महत्त्वाचा प्रयोग होता. मात्र मराठी, तेलुगू व कन्नड भाषकांच्या दृष्टीने ती भाषा घरची नव्हती. परिणामी मराठी घरातील मुलाला विषय व भाषा या दोहोंशी एकाच वेळी झगडावे लागे. आशय न कळता पाठ म्हणणे, ही वर्गातील सर्वसामान्य रीत होऊन बसली.

या स्थितीवरील प्रतिक्रिया म्हणून खाजगी मराठी शाळा निघाल्या. औरंगाबादची सरस्वती भुवन संस्था (१९१५), हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा (१९२१) व अंबेजोगाईची योगेश्वरी संस्था या त्यांपैकी प्रमुख होत. हिप्परगा व अंबेजोगाई या दोन्ही ठिकाणी स्वामी रामानंद तीर्थ यांनी अध्यापन केले. या शाळांत पाठ्यविषयांबरोबर व्यायाम, समूहजीवन व राष्ट्रीय भावना यांना स्थान होते. खाजगी शाळांवर परवानगीचे निर्बंध असल्यामुळे शाळा चालविणे हेच सार्वजनिक कार्य ठरले, आणि मुक्तिसंग्रामातील अनेक कार्यकर्ते याच वर्गांतून घडले.

विलीनीकरणानंतर : १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. त्यानंतर मराठी माध्यमाचा वेगाने प्रसार झाला. उर्दूतून शिकलेल्या अनेक शिक्षकांना मराठीतून अध्यापनाची सवय करावी लागली. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या. १९५७ मध्ये दशमान नाणी व त्यापाठोपाठ मेट्रिक मापे आल्यावर पावकी-निमकीचे व्यावहारिक प्रयोजन उरले नाही. ते पाढे हळूहळू वर्गातून नाहीसे झाले. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाच्या ('बालभारती') पुस्तकांमुळे चाकूरच्या व पुण्याच्या मुलापुढे एकच पाठ आला.

लहान गावांत एकशिक्षकी शाळा प्रदीर्घ काळ रूढ होती. शिक्षक एका इयत्तेला वाचन देई, दुसरीला पाटीवर उदाहरणे घाली, तिसरीकडून पाढे म्हणून घेई व पहिलीची मुले चौथीतील हुशार मुलाकडे सोपवी. पंतोजींची जुनी पद्धत येथे गरजेपोटी टिकून राहिली. शुद्धलेखन, वर्ग झाडणे व सारवणे, शनिवारची सकाळची शाळा आणि दसऱ्याचे पाटीपूजन ही या दिनक्रमाची परिचित अंगे होत.

आधुनिक काळ : इ. स. २००० पासून पहिलीपासून इंग्रजी हा विषय शिकविला जाऊ लागला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार कायदा एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच वर्षी राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनपद्धती सुरू होऊन वर्षअखेरच्या परीक्षेचे प्राबल्य कमी झाले. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या व बोधकथा यांचा परिपाठ, कृतियुक्त अध्यापन व माध्यान्ह भोजन यांनी आजचा शालेय दिवस घडतो.

भाषेचा प्रश्न मात्र संपलेला नाही. तांड्यांवरील मुलांची घरची बोली बंजारा (गोरमाटी) असते. देगलूर-बिलोली भागात तेलुगूचा व उदगीर-निलंगा भागात कन्नडचा संपर्क आढळतो. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या शिक्षणात हंगामभर खंड पडतो. अशा मुलांना प्रमाण मराठी ही काही अंशी दुसरीच भाषा ठरते. उर्दूच्या काळात मराठी मुलाने जी अडचण अनुभवली, तीच वेगळ्या रूपात या मुलांपुढे उभी आहे. म्हणून वर्गात घरच्या बोलीला प्रवेश देऊन तिच्या आधाराने प्रमाण भाषेकडे नेणे, हे प्राथमिक शिक्षकाचे आजही पहिले काम होय.