भाडेघरातील गुंतवणूक : बाभुळगाव

भाड्याने देण्यासाठी घर, खोल्या किंवा दुकानगाळा विकत घेणे वा बांधणे आणि त्यातून मासिक भाडे व मालमत्तेच्या किमतीतील वाढ असा दुहेरी लाभ मिळवणे. विदर्भात भाड्याला ‘किराया’ हा शब्द रूढ आहे. यवतमाळ–धामणगाव रस्त्यावरील बाभुळगाव हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून तेथे नगरपंचायत आहे. लहान बाजारपेठेत मोजके भाडेकरू आले-गेले तरी भाव हलतात, म्हणून मोठ्या शहरांचे ठोकताळे येथे लावू नयेत.

मागणी : तालुक्याच्या गावी तहसील कार्यालय, पंचायत समिती, बँका, शाळा आणि आरोग्यसेवा यांतील बदलीवर आलेले कर्मचारी हा भाडेकरूंचा मुख्य वर्ग असतो. मात्र यवतमाळ शहर जवळ असल्याने रोज ‘अप-डाऊन’ करणे शक्य होते. नोकरी एका गावात आणि किराया दुसऱ्या गावात, अशी विभागणी त्यातून होते. म्हणून गावातील पदांची संख्या मोजण्यापेक्षा प्रत्यक्ष मुक्कामी राहणारे किती, हे पाहणे आवश्यक ठरते.

कल ओळखणे : जमिनीचा भाव आणि किराया हे दोन वेगळे प्रवाह आहेत. कापूस, सोयाबीन व तूर पिकवणाऱ्या या भागात प्लॉट हे बचतीचेही साधन असते. त्यामुळे राहणारे वाढले नाहीत तरी प्लॉटचे भाव चढू शकतात. नोंदणी व मुद्रांक विभागाचा वार्षिक मूल्यदर तक्ता मुद्रांक शुल्कासाठी असतो. तो बाजारभाव नव्हे. झालेल्या व्यवहारांची रक्कम नोंदणीकृत दस्ताच्या सूची क्रमांक 2 मध्ये दिसते. भाड्याचा खरा अंदाज मात्र गावात फिरूनच येतो : किती खोल्या रिकाम्या आहेत, त्या किती महिने रिकाम्या राहतात, उन्हाळ्यात नळाला पाणी किती दिवसांनी येते.

परतावा : 20 लाख रुपयांच्या घराला दरमहा 6,000 रुपये किराया धरला, तर वर्षाचे 72,000 रुपये होतात. एक महिना घर रिकामे राहिले आणि कर व दुरुस्तीला 10,000 रुपये लागले, तर हाती 56,000 रुपये, म्हणजे 2.8 टक्के उरतात. कर्ज काढून घर घेणाऱ्याने हा आकडा व्याजदराशेजारी मांडून पाहावा.

कायदा व कागदपत्रे : विदर्भात पूर्वी मध्यप्रांत व वऱ्हाडचा 1949 चा घरभाडे नियंत्रण आदेश होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून अमलात आला आणि राज्यातील जुने वेगवेगळे भाडेकायदे रद्द झाले. ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार लेखी व नोंदणीकृत असावा. 60 महिन्यांपर्यंतच्या अशा करारावर एकूण भाड्याच्या 0.25 टक्के मुद्रांक शुल्क लागते आणि परत न करावयाची अनामत तसेच परतीच्या अनामतीवरील व्याजही त्या हिशेबात धरले जाते. खरेदीपूर्वी सातबारा, अकृषिक परवानगी आणि मंजूर लेआउट नकाशा तपासावा. जागा ई-क्लास, म्हणजे सरकारी तर नाही ना, याचीही तलाठ्याकडे खात्री करावी. निवृत्तीची पुंजी घालून दोन खोल्या बांधणाऱ्या कुटुंबाला यातली एक चूकही भरून काढता येत नाही.