शीरखुर्मा की शेरखुर्मा?

रमजान ईदच्या सुट्टीनंतर मीरा रोडच्या आमच्या उर्दू वर्गात मुले हमखास 'शेरखुर्मा' वाचतात. दोष लिपीचा आहे. शीन, ये, रे या तीनच अक्षरांत उर्दूत 'शीर' म्हणजे दूधही लिहितात आणि 'शेर' म्हणजे सिंहही. इराणात आज दोन्हींचा उच्चार 'शीर'च होतो. जुना भेद आपल्या उर्दूने जपला. खुर्मा म्हणजे खजूर. (नया नगरात कोणी 'शीरकुर्मा'ही म्हणतात. कुर्मा तर मटणाचा!) गंमत अशी की नावात दूध आहे, खजूर आहे, पण ज्यांच्याशिवाय आपली ईद होत नाही त्या शेवयांचा पत्ताच नाही.

ईदला इमारतीत वाट्या घरोघर जातात तेव्हा 'खीर तुमची, शीरखुर्मा आमचा' असे दोन्हीकडून ऐकू येते. शब्दांना हे मान्य नाही. संस्कृत 'क्षीर' आणि फारसी 'शीर' एकाच प्राचीन इंडो-इराणी कुळातले. 'क्ष'चा प्राकृतात 'ख' झाला, तिकडे इराणात 'श' झाला. म्हणजे खीर आणि शीर या चुलत बहिणी. दर्ग्यावरची 'शिरणी'ही फारसी 'शीरीनी'च, आणि ती आज अस्सल मराठी आहे.

फारसी-मराठी कोश रचला तो कवी माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन यांनी, १९२५ साली. फारसीचे ते प्राध्यापक. हा कोश आपल्या उर्दू शाळांच्या कपाटात असावा, असे आम्हाला फार वाटते.