रिकामे खोके आणि उडती इस्त्री

श्रोतेहो, जत्रेत खेळणे घेतले आणि हाती नुसते खोके आले, तर पोर भोकाड पसरील की नाही? पण १९७७ च्या नाताळात अमेरिकेत असेच खोके विकले गेले. आत बाहुल्या नव्हत्या. त्या मागाहून टपालाने मिळवून देणारी चिठ्ठी होती!

त्या बाहुल्या ‘स्टार वॉर्स’ या अंतराळपटाच्या. तो त्याच वर्षी २५ मे रोजी लागला. दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकस यांनी जादा मेहनताना न मागता खेळण्यांचे व पुढील भागांचे हक्क मागून घेतले होते. त्या कमाईच्या बळावर १९८० चा दुसरा भाग त्यांनी स्वतःच्या पैशाने काढला. कलावंत स्वतंत्र झाला खरा; पण गोष्टीच्या मानेवर बाजार बसला. उपकथा निघाल्या, १९७८ चा दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम तर पार फसला.

हे विडंबनकारांनी अचूक हेरले. ‘हार्डवेअर वॉर्स’मध्ये (१९७८) अंतराळयाने म्हणून चक्क इस्त्र्या उडाल्या. मेल ब्रुक्स यांच्या ‘स्पेसबॉल्स’मध्ये (१९८७) तर एक पात्र पडद्यावरच चित्रपटाच्या नावाचा माल विकते! अखेर २०१२ साली ल्यूकसांनी आपली कंपनी डिस्नेला विकली.

तेव्हा गुरुजी, वर्गात पोरांनी धड्याची नक्कल केली, तर लगेच छडी उगारू नका. नक्कल करायलाही मूळ धडा पक्का यावा लागतो. आणि त्यातले वैगुण्य कधीकधी नकलाकारालाच आधी दिसते.